अखंड पखाल

पखाल आणायला ऋचा गेली तो दिवस अगदी साधा होता. दोन हजार बाराचा फेब्रुवारी नुकता लागला होता, पनवेलच्या तळ्यावरून गार वारा येत होता, आणि संग्रहालयाची ओम्नी चालवणारा भगवान वाटेत वडापावसाठी थांबू का म्हणून विचारत होता. काम तासाभराचं. एका म्हातारीच्या घरी जायचं, तिच्या नवऱ्याची पाणी वाहायची कातड्याची पखाल बघायची, पटली तर कागदावर अंगठा घेऊन उचलायची. लोकांच्या घरातून जुनं सामान बाहेर काढण्यात ऋचाचा हातखंडा होता, कारण ती गोड बोलायची. गोड बोलताना ती खोटंही बोलत नसे. निदान तोवर तरी.

तिचं काम वस्तू जपण्याचं. कापड, लाकूड, कातडं, जे काही जुनं असेल ते आणखी जुनं होऊ नये म्हणून धडपडायचं. या धंद्याचा पहिला नियम असा, की वस्तूला असं काही करायचं नाही जे पुन्हा उलटवता येणार नाही. चिकटवलेलं सोडवता आलं पाहिजे, रंगवलेलं पुसता आलं पाहिजे. कापण्याचं तर नावच काढायचं नाही. ऋचाने हा नियम पंधरा वर्षं पाळला होता.

त्या दिवशी तिला पाचवा महिना लागला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोन वेळा हाती आलेलं निसटलं होतं, आणि या खेपेला ती जिना उतरतानाही कठड्याला धरून उतरत असे. नोकरी, संग्रहालय, एक मेला होणारं त्याचं उद्घाटन, सगळं एका पारड्यात टाकलं असतं तरी तिने दुसऱ्या पारड्यातलं हे पोटातलं एवढंसं ओझं सोडलं नसतं. असं ती स्वतःला सांगायची, आणि ते खरंही होतं.

म्हातारीचं नाव गुणाबाई. तळ्याच्या मागच्या अंगाला दोन पत्र्याच्या खोल्या. नवरा बुधाजी जाऊन दहा दिवस झाले होते. खुंटीला पखाल लटकत होती: बकऱ्याच्या अख्ख्या कातड्याची, चारही पाय वादीने आवळून बांधलेले, पोटावर एकच शिवण, आणि मान होती तिथे तिचं तोंड. चाळीस वर्षं धुरात लटकून ती काळी पडली होती, पण कुठे भोक नव्हतं, ठिगळ नव्हतं. ऋचाने तिच्यावरून हात फिरवला आणि तिला ती हवीशी झाली. इतकी अखंड पखाल तिने पुस्तकातच पाहिली होती.

"नळ आले तवा याचं काम गेलं," गुणाबाई म्हणाली. "पन लग्नाच्या मांडवात पानी मारायला न्यायचा. मंग तेबी गेलं. तरी रोज पुसायचा तिला."

"आम्ही नीट ठेवू, आजी. काचेत. खाली त्यांचं नाव लावू, पितळेच्या पट्टीवर."

"बुधाजीचं नाव? छापलेलं?"

"कोरलेलं."

म्हातारी पार विरघळली. पदराने डोळे पुसले, अंगठ्यासाठी हात पुढे केला, आणि मग तोच हात मागे घेतला.

"परवा न्या. आधी फाडू दे मला."

"फाडू?"

"आमच्या घरातली रीत हाय, बाय. पखाल्यानं आपल्या पखालीतलं पानी प्यायचं नाय. उन्हात जीव चालला तरी नाय, दुसऱ्याचं पानी हाय ते. मंग जन्मभराची त्याची तहान जाते कुठं? तिच्यातच ऱ्हाते. मानूस गेला का तेराव्याच्या आत पखाल फाडायची. मंग तो मोकला."

भगवान दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाई, फाडू द्या त्यांना. मंग नेऊ."

पण ऋचाला समोर दिसत होतं ते वेगळंच. वाळलेलं कातडं, आणि त्याच्यावर चालणारा म्हातारीचा कोयता. तसं कातडं कापलं जात नाही, तडकतं. हाती चिंधड्या आल्या असत्या. तिने ते गुणाबाईला समजावून सांगितलं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आधी मी हिला ओलसर हवेत ठेवून मऊ करते, मग तेराव्याला शिवणीवरून सरळ चीर देते. तुमची रीतही राहील आणि पखालही राहील.

गुणाबाईने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग तिच्या ओटीपोटाकडे बघितलं. "पोटावर हात ठेवून सांग."

ऋचाने हात ठेवला. "फाडीन. तेराव्याला. शपथ." मनात काही काळंबेरं नव्हतं. माणसाला शपथ घेताना कधीच काही काळंबेरं नसतं, ते मागाहून येतं.

ते दुसऱ्या दिवशी आलं. संग्रहालयाच्या ट्रस्टचे चारुदत्त सर पखालीभोवती तीन फेऱ्या मारून आले आणि चीर हा शब्द ऐकताच हसले. "अहो, अखंड आहे म्हणून तर तिला किंमत आहे. भोक पाडलेली पखाल म्हणजे चपलेचं कातडं. म्हातारीला सांगा काहीतरी. तिला काय कळतंय?"

ऋचाने वाद घातला. थोडा. खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हणावं असंच तिला आतून वाटत होतं, आणि त्यांनी नाही म्हटल्यावर तिला बरं वाटलं. चांगल्या माणसाला वाईट काम करायला लागतं ते एवढंच: दुसऱ्या कुणीतरी नाही म्हणायला हवं.

तेराव्या दिवशी भर दुपारी गुणाबाई संग्रहालयाच्या फाटकाशी आली. रखवालदाराने तिला आत सोडलं नाही. ऋचा खाली गेली. म्हातारीने चपला काढून हातात घेतल्या होत्या, देवळात आल्यासारख्या.

"फाडली?"

"फाडली, आजी."

"पानी आलं?"

हा प्रश्न येईल असं ऋचाला वाटलं नव्हतं. कोरडं खडखडीत कातडं, त्यातून पाणी कसलं येतंय? पण गुणाबाईचा चेहरा असा होता, की नाही म्हणवेना.

"आलं. थोडंसं."

"मंग गेला," गुणाबाई म्हणाली, आणि एवढा मोठा श्वास सोडला की तिचे खांदेच खाली आले. तिने आपली भेगाळलेली बोटं ऋचाच्या पोटाला लावली आणि कपाळावर मोडली. "सुखानं बाळंत हो, माझे बाय." आणि चपला हातातच घेऊन ती तापलेल्या रस्त्यावरून निघून गेली. तोंडाला पानं पुसणं म्हणतात ते हे, आणि ज्याच्या तोंडाला पुसली त्याने वर आशीर्वाद द्यावा, याहून वाईट काही नाही. ऋचाला दिवसभर अन्न गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलं.

फेब्रुवारीअखेर पखालीखालच्या पांढऱ्या कागदावर तांबूस भुकटी दिसली. भिंगातून पाहिलं तर केसाळ अळ्यांच्या रिकाम्या काती. कातडं खाणारे भुंगेरे अंडी घालतात, अळ्या आतून पोखरतात, आणि वरून काही कळायच्या आत वस्तूची चाळण होते. ऋचा घाबरली नाही. औषध मारायचं नव्हतं, कातडं डागाळतं. पोटात बाळ असताना ते श्वासात घ्यायचं तर मुळीच नव्हतं. त्यावर उपाय थंडीचा.

त्यासाठी आईस्क्रीमवाले ठेवतात तसला एक आडवा डीप फ्रीझर तळमजल्यावर आणून ठेवलेला होता. वस्तू जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालायची, हवा काढून तोंड गरम पट्टीने चिकटवायचं, आणि उणे वीसवर चौदा दिवस ठेवायची. बाहेर काढली तरी एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर गार कातड्यावर दव धरतं. आणि मग पुन्हा चौदा दिवस. कारण पहिल्या थंडीतून एखादं अंडं वाचतंच. बाहेर ऊब लागली की त्याला वाटतं, सुटलो, आणि ते फुटतं. मग त्याला परत आत घालायचं. पद्धत तशी क्रूर आहे, पण कातड्याला तिने ओरखडासुद्धा येत नाही.

"किडं मरतील," पिशवी धरताना भगवान म्हणाला. तो जवळच्या उलवे गावचा, बोलायचा कमी. "पन जे मेलेलंच हाय, त्याला थंडी काय करनार?"

"भगवान, पट्टी सरळ धरा."

पिशवीत तिने निळे दाणे ठेवले. ओल लागली की ते गुलाबी होतात, म्हणजे आत दमटपणा शिरला तर कळतं. मग वजन केलं. दोन किलो एकशे चाळीस ग्रॅम. ते वहीत लिहिलं, आणि फ्रीझरचं झाकण लावलं.

त्या चौदा दिवसांत काही घडलं नाही. वीज दोनदा गेली, भगवानने जनरेटर चालवला. एवढंच, की दुपारी तळमजला शांत असला म्हणजे फ्रीझरच्या घरघरीखाली आणखी एक आवाज ऋचाला ऐकू यायचा. खांद्यावर भरलेली पखाल घेऊन माणूस चालला की आत पाणी हेलकावतं, तसा. तिने तो नळाचा ठरवला.

पंधराव्या दिवशी पिशवी बाहेर काढली. सोळाव्या दिवशी उघडली. अळ्या मेल्या होत्या, हे बरोबरच होतं. पण त्या कातड्यात नव्हत्या. सगळ्याच्या सगळ्या, शे-सव्वाशे, बांधलेल्या तोंडाशी गोळा झाल्या होत्या, डोकी बाहेरच्या बाजूला करून. थंडीने मेलेली अळी मऊ राहते. या कुरकुरीत वाळलेल्या होत्या, आत काहीच उरलं नव्हतं. ऋचाचा श्वास लागला तेवढ्याने त्या टेबलावरून उडाल्या.

"पळत व्हती," भगवान म्हणाला.

ऋचाने पखाल काट्यावर ठेवली. दोन किलो तीनशे नव्वद. तिने काटा पुसला, शून्यावर आणला, पुन्हा ठेवली. तेवढंच. पाव किलो वाढ, आणि निळे दाणे निळेच. बर्फ नाही, दव नाही, पिशवी कोरडी ठणठणीत. पाणी बाहेरून आत शिरलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी ती डॉक्टर रमांकडे गेली. नवीन पनवेलमधला छोटा दवाखाना, ठरलेली सोनोग्राफी. तिचा नवरा सत्यजीत तळोज्याच्या कारखान्यातली पाळी संपवून परस्पर आला होता. डॉक्टरांनी पोटावरून यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"बाळ छान आहे. बाळाभोवतालचं पाणी जरा कमी वाटतंय. दहा सेंटिमीटर असायला हवं, आठ आहे. घाबरू नका, भरपूर पाणी प्या."

ऋचा पाणी पिऊ लागली. नारळपाणी, सरबत, ताक, तासातासाला तांब्या. सत्यजीत कौतुकाने म्हणायचा, की अख्खं तळं संपवशील. दुसरीकडे पखाल पिशवीत बंद होऊन दुसऱ्या खेपेसाठी उणे वीसमध्ये गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, असं कुठल्या शहाण्या माणसाच्या मनात येईल?

मार्च सरला. फ्रीझर उघडला तेव्हा पिशवी उचलतानाच भगवानचे हात थांबले. त्याने ती अलगद एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलंडवली.

डुबुक... डुबुक...

"उणे वीस हाय ना, बाई?" त्याने विचारलं. "मंग ह्ये गोठलं का नाय?"

ऋचा पुढे झाली. तिने पिशवीवर हात ठेवला. प्लास्टिक बर्फासारखं गार होतं. त्याखालचं कातडं नव्हतं. ते कोमट होतं, नुकत्याच निजलेल्या माणसाच्या अंगासारखं.

वजन दोन किलो सातशे दहा.

दोन दिवसांनी डॉक्टर रमांनी आकडा सांगितला नाही आधी. सत्यजीतला आत बोलावलं, मग सांगितला. "पाच. हे चांगलं नाही. पिशवी फुटलेली नाही, बाळाची किडनी ठीक आहे, तुम्ही पाणी पिताय. मग हे पाणी जातंय कुठे, तेच कळत नाही. आणखी उतरलं तर बाळाला हलायला जागा राहणार नाही. आणि सव्वीस आठवड्यांचं बाळ बाहेर काढायचं म्हणजे..."

पाणी जातंय कुठे. ऋचा टेबलावर उताणी पडलेली होती आणि छताच्या पंख्याकडे बघत होती. तिला ते ठाऊक होतं. त्या क्षणी तिला ते इतकं स्पष्ट ठाऊक होतं, की तिने ओठ चावून धरले.

तरी तिने आठवडा घालवला. शिकलेल्या माणसाची हीच तर गंमत. डोळ्यांनी दिसतं त्याला तो पुरावा मागतो. ती रोज सकाळी पखाल काट्यावर ठेवायची आणि रोज ती वाढलेली असायची. कधी पंधरा ग्रॅम, कधी तीस. बाळ हलायचं कमी झालं. आधी दिवसातून वीसदा, मग दहादा, मग दुपारभर नाहीच. तिने चारुदत्त सरांना सांगितलं, की पखालीला चीर द्यायला हवी. कारण सांगता येईना. सर म्हणाले, "पाहुण्यांच्या पत्रिका छापून झाल्या आहेत. तुम्हाला विश्रांतीची गरज आहे, रजा घ्या." आणि रजा घेताना तळमजल्याची किल्ली ठेवून जा, असंही म्हणाले.

किल्ली तिने ठेवली नाही. ती गुणाबाईकडे गेली.

एप्रिलची दुपार, पत्रा तडतडत होता. म्हातारी उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. ऋचाला पाहून तिचा चेहरा फुलला. "नाव लागलं?"

"आजी, मी फाडली नाही."

गुणाबाईची बोटं तांदळात थांबली.

"खोटं बोलले मी. तेव्हा... पाणी आलं नव्हतं. काहीच केलं नव्हतं."

म्हातारीने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "कुठं हाय तो?"

ऋचाने सांगितलं. कीड, पिशवी, फ्रीझर. सांगता सांगता तिलाच ते ऐकवेना.

"बर्फात घातलास त्याला?" गुणाबाई हळूच म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पुसाच्या थंडीत पहाटे कमरंएवढ्या पान्यात उभा ऱ्हायचा, पखाल भरायला. घरी आला का पाय शेकून द्यायची मी. तवा बी पानी मागायचा नाय, पयलं लोकांची घरं. आन तू त्याला बर्फात घातलास. दोनदा."

"मी आजच फाडते, आजी. आत्ता जाते. माझ्या बाळाचं पाणी..." तिला रडू फुटलं. "तुम्ही या माझ्याबरोबर. तुम्ही सांगा त्यांना. माफ करायला सांगा."

"मी रोज निजताना म्हनायची, सुटला बिचारा. दोन महिनं म्हनलं." गुणाबाईने सूप उचललं आणि कुशीला लावलं. "मी नाय येनार. त्याला काय तोंड दाखवू?"

"तेराव्याच्या आत फाडली तर माणूस सुटतो ना? मग आता फाडली तर?"

"आमच्यात कुनी नंतर फाडलीच नाय, बाय. कुनी येवढं थांबलंच नाय."

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला.

भगवान ओम्नीत वाट बघत होता. सांगावं लागलं नाही. त्याने गाडी संग्रहालयाच्या मागच्या दाराशी लावली, किल्ली ऋचाच्या हातून घेतली, आणि तळमजल्याचा दिवा लावून एक मोठी प्लास्टिकची बादली आणून ठेवली. दुपारचे साडेतीन वाजले होते. वर रंगारी काम करत होते, त्यांचा रेडिओ ऐकू येत होता. इतक्या उजेडात, इतक्या गजबजीत भीती वाटायचं काही कारण नव्हतं.

पखाल टेबलावर फुगून बसली होती. चारही आखूड पाय ताठ झाले होते. खोलीत वास भरला होता, शेणाने सारवलेल्या अंगणात सडा घातल्यावर येतो तसा, आणि त्याखाली ओल्या जनावराचा.

ऋचाने पातं घेतलं. पंधरा वर्षांत तिने कुठल्याही वस्तूवर पातं चालवलं नव्हतं. पोटाच्या शिवणीवर टोक टेकवलं. "बुधाजीबाबा," ती म्हणाली, "चुकले मी. या आता. मोकळे व्हा. माझं मला परत द्या."

आणि चीर दिली.

पाणी आलं. कोमट, स्वच्छ, पाण्यासारखं पाणी. बादलीत पडू लागलं, आणि पडतच राहिलं. पखालीत मावणार नाही इतकं आलं. बादली भरली, वाहू लागली, फरशीवर पसरलं. कातडं हळूहळू बसत गेलं, शेवटी टेबलावर एक काळा चपटा तुकडा उरला, आणि त्याच क्षणी ऋचाच्या पोटात बाळाने लाथ मारली. जोरात. मग आणखी एक. आठवड्याभराचा हिशेब चुकता करावा तशा लाथा. ती भिंतीला टेकली, दोन्ही हात पोटावर धरले, आणि हसत-रडत म्हणाली, "हलतंय, भगवान! हलतंय हो!"

भगवान हसला नाही. तो फरशीकडे बघत होता. तळमजल्याच्या फरशीला मोरीकडे उतार होता. पाणी मोरीकडे गेलं नव्हतं. ते उतार चढून ऋचाच्या पायांशी आलं होतं, तिच्या चपलांभोवती थोडा वेळ जमून राहिलं होतं, आणि आता फरशी कोरडी होती. बादलीही. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. सांगून काय करणार होता?

संध्याकाळी डॉक्टर रमांनी यंत्र पोटावर टेकवलं आणि भुवया उंचावल्या. "अरे वा. हे कधी झालं? बारा!" त्यांनी पडदा सत्यजीतकडे वळवला. "बघा, भरपूर पाणी. बाळ मजेत आहे."

सत्यजीतने ऋचाचा हात धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा ऋचाने अंग सैल सोडलं. नोकरी गेली तर जाऊ दे. पखाल फाटली तर फाटू दे. सगळं सुटलं होतं.

"पाणी पितंय बघा," डॉक्टर म्हणाल्या. "या वयात पितात. छोटे छोटे घोट." काळ्या-करड्या पडद्यावर एक चिमुकलं तोंड उघडत होतं, मिटत होतं. उघडत होतं. मिटत होतं.

डॉक्टर बघत राहिल्या. यंत्र थोडं सरकवलं. "बरंच पितंय," त्या म्हणाल्या. मग काही वेळाने, "दहा."

"दहा म्हणजे चांगलं ना?" सत्यजीत म्हणाला.

"आत्ता बारा होतं." त्यांनी बटण दाबून पुन्हा मोजलं. "नऊ... मशीनमध्ये काहीतरी..."

पडद्यावरचं तोंड आता मिटत नव्हतं. ते उघडं होतं, सव्वीस-सत्तावीस आठवड्यांच्या बाळाचं असतं त्याहून जास्त उघडं, आणि त्यात काळं पाणी एकसारखं आत चाललं होतं. बाळाचे दोन्ही हात तोंडाशी आले होते. ओंजळ केल्यासारखे.

"आठ," डॉक्टर पुटपुटल्या. मग त्यांनी आकडे म्हणायचं बंद केलं. त्यांनी मशीन बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. भिंतीतला प्लग ओढून काढला. पडदा काळा झाला. पंखाही थांबवला. "शांत राहा जरा," त्या म्हणाल्या, तसं कुणी बोलत नव्हतं तरी.

घट्... घट्... घट्...

सत्यजीत खाली वाकला. त्याने आपला कान ऋचाच्या पोटाला लावला, रोज रात्री लावायचा तसा. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने तोंड पोटाजवळ नेलं आणि लहान बाळाशी बोलतात तसं हलक्या आवाजात विचारलं, "काय रे? काय झालं?"

घोट थांबले.

आतून काय आलं ते ऋचाला ऐकू आलं नाही. डॉक्टरांनाही नाही. सत्यजीत सरळ उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पार उतरला होता.

"काय म्हणालं?" ऋचाने विचारलं. "सत्यजीत... काय ऐकलंस?"

तिने हात पुढे केला. त्याने तो धरला नाही. तो भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरकत गेला, आणि मग दाराची मूठ चाचपू लागला. "पाणी मागतोय... कुणीतरी म्हातारा," तो म्हणाला.